'मी' कोणाशी बोलतोय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका जुन्या मराठी रहस्यकादंबरीवर तुम्ही पटकथा लिहिताय. निवेदक एका पतसंस्थेतला वसुली अधिकारी आहे, गाव लहान आहे, खून त्यानेच केलाय आणि अख्खी गोष्ट तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. निर्मात्याला 'नॉयर' हवाय, म्हणजे १९४० च्या दशकातल्या अमेरिकन गुन्हेपटांसारखं काळोखी काहीतरी. ९० पानांच्या ड्राफ्टमध्ये तुम्ही ३१ ठिकाणी व्हॉइसओव्हर, म्हणजे चित्रावर वरून येणारा निवेदकाचा आवाज, घातलात आणि वाचणाऱ्या मित्राने "हे तर नभोनाट्य झालं" म्हणून तो परत केला. आता तुम्ही विचारताय की व्हॉइसओव्हर ठेवू की सरसकट काढून टाकू? आणि डॅशिएल हॅमेट, रेमंड चँडलर, जेम्स केन या अमेरिकन रहस्यकथा लेखकांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे करणाऱ्यांनी हे कसं निभावलं?

मी गेली २२ वर्षं पटकथा लिहितेय, त्यातल्या निम्म्याहून जास्त दुसऱ्यांच्या कथा-कादंबऱ्यांवरून. माझ्या मते तुमची अडचण व्हॉइसओव्हर नाहीच. तुमचा 'मी' कोणाशी बोलतोय, हे तुमचं तुम्हालाच अजून ठरवता आलेलं नाही, ही खरी अडचण आहे. कादंबरीत ते ठरलेलं नसलं तरी खपून जातं. वाचकाने पुस्तक उघडलं, म्हणजे "सांग बाबा, ऐकतोय" असं त्याने म्हटलेलंच असतं. पडद्यावर मात्र माणूस समोर दिसत असतो आणि त्याचाच आवाज वरून यायला लागतो. मग प्रेक्षकाच्या मनात प्रश्न येतोच, की हा कोणाला सांगतोय, कधी सांगतोय आणि का सांगतोय? या तिन्हींची उत्तरं तुमच्याकडे असतील तर ३१ काय, ५० व्हॉइसओव्हरही चालतील. नसतील तर एकसुद्धा जड जाईल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकते. दिग्दर्शक कोण आहे, किती दिवसांचं शेड्यूल आहे, निवेदकाचं काम करणाऱ्या नटाचा आवाज कसा आहे, हे मला माहीत नाही आणि या तिन्हींवर बरंच ठरतं. हक्कांबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. लेखक हयात नाहीत, म्हणजे पुस्तक सगळ्यांसाठी मोकळं झालं असा अर्थ होत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. वारसांकडून लेखी घ्या आणि मगच पुढचा ड्राफ्ट लिहा. लुकिनो व्हिस्कोंतीने १९४३ साली जेम्स केनच्या 'द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस'वर इटलीत सिनेमा केला, हक्क न घेता. सिनेमा उत्तम, पण अमेरिकेत तो रीतसर दाखवला जायला १९७६ साल उजाडलं. व्हिस्कोंतीला ते परवडलं असेल, तुमच्या निर्मात्याला परवडणार नाही.

आता मूळ मुद्दा. आपण सगळे "अमेरिकन रहस्यकथा लेखक" असं एका दमात म्हणतो, पण पटकथा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही मंडळी एकमेकांपासून फार वेगळी आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांची मासिकं तीच, लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेली आणि शब्दावर पैसे देणारी. आपल्याकडे अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक भाड्याच्या वाचनालयांतून घरोघरी पोचले, तसे हे लोक रस्त्यावरच्या स्टॉलवरून पोचले. पण प्रत्येकाने गोष्ट सांगायला वेगळी जागा निवडली. ती जागा ओळखली की पडद्यावर काय करायचं याचं निम्मं काम होतं.

सगळ्यात सोपा हॅमेट. पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत नोकरी केलेला माणूस. नोकरीत अहवाल लिहिलेल्या माणसाला "मला असं वाटलं" लिहायची सवय नसते. 'द माल्टीज फाल्कन' (१९३०) ही कादंबरी अशीच बाहेरून लिहिली आहे. तिचा नायक, खासगी गुप्तहेर सॅम स्पेड, याच्या डोक्यात लेखक एकदाही शिरत नाही. भागीदाराचा खून झाल्याचा फोन रात्री येतो, तो प्रसंग काढून वाचा. अंधारात घंटी वाजते, पलंग करकरतो, बोटं चाचपडतात, एक बाजूचं बोलणं ऐकू येतं. स्पेडला दुःख झालं की नाही याबद्दल अवाक्षर नाही. त्यानंतर तो सिगारेट वळतो आणि ती कशी वळतो ते मात्र बारकाईने लिहिलंय. हा कागदावर आधीच काढून ठेवलेला शॉट आहे. जॉन ह्यूस्टनने १९४१ साली ही कादंबरी घेतली तेव्हा तिच्यावर दोन सिनेमे होऊन गेले होते, १९३१ आणि १९३६ साली. ह्यूस्टनचा तो दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा. त्याने शहाणपणा असा केला की फार शहाणपणा केला नाही. प्रसंगांचा क्रम आणि संवाद बऱ्याच अंशी जसेच्या तसे ठेवले. फोनच्या प्रसंगात कॅमेरा टेबलावर आणि खिडकीवर थांबतो, आपण फक्त आवाज ऐकतो.

पण त्यालाही एक गोष्ट गाळावी लागली. कादंबरीत स्पेड त्याच्याकडे काम घेऊन आलेल्या बाईला फ्लिटक्राफ्ट नावाच्या माणसाची हकिकत सांगतो. बांधकामावरून लोखंडी तुळई खाली येते, याच्यापासून हातभर अंतरावर पडते, आणि हा माणूस बायकामुलं, धंदा सोडून निघून जातो. काही वर्षांनी दुसऱ्या गावात सापडतो तेव्हा अगदी तसाच संसार पुन्हा मांडून बसलेला असतो. पुस्तकातली माझी सगळ्यात आवडती पानं. सिनेमात ती नाहीत, कारण त्या ऐकणाऱ्या बाईला त्या हकिकतीशी काही घेणंदेणं नाही. ती ऐकते आणि सरळ आपल्या विषयाकडे वळते. पुस्तकात हीच तर गंमत आहे. पडद्यावर तीन मिनिटं एक माणूस बोलतोय आणि समोरच्याला फरक पडत नाही, हे झेपवणं अवघड. मी असते तर ठेवली असती का? सात-आठ वर्षांपूर्वी हो म्हटलं असतं. आता नाही.

तुमची कादंबरी हॅमेटच्या जातीची नाही. ती केनच्या जातीची आहे, म्हणून केनवर जरा थांबते.

केनचा 'मी' गुन्हेगार असतो. 'पोस्टमन' (१९३४) आणि 'डबल इन्डेम्निटी' (१९३६ साली मासिकातून क्रमशः, मग १९४३ साली पुस्तकात) या दोन्हींत निवेदक झपाट्याने, जवळजवळ कबुली दिल्यासारखा सांगत सुटतो. शेवटाकडे येताना कळतं की ती खरंच कबुली होती. 'पोस्टमन'मधला फ्रँक तुरुंगात फाशीची वाट बघत लिहितोय. 'डबल इन्डेम्निटी'तला विमा एजंट आपला जबाब लिहून काढतोय. म्हणजे 'कोणाला सांगतोय' याचं उत्तर केनकडे तयार होतं. त्याने ते फक्त शेवटच्या पानांपर्यंत खिशात ठेवलं.

दिग्दर्शक बिली वाइल्डरने १९४४ साली 'डबल इन्डेम्निटी'चा सिनेमा करताना तेच खिशातून काढून पहिल्या पाच मिनिटांत टेबलावर ठेवलं. मध्यरात्र उलटून गेलीय, विमा कंपनीच्या रिकाम्या कचेरीत एक माणूस खांदा धरून येतो, खुर्चीत बसतो, डिक्टाफोन (बोलणं टिपून ठेवणारं यंत्र) ओढतो आणि बोलायला लागतो. कोणाशी? विम्याचे दावे तपासणाऱ्या कीज नावाच्या क्लेम मॅनेजरशी. त्याच्या वरिष्ठ सहकाऱ्याशी, मित्राशी, ज्याच्या नाकाखाली त्याने हे सगळं केलं त्या माणसाशी. पहिल्याच दमात तो सांगून टाकतो की खून मी केला, पैशासाठी केला, बाईसाठी केला, आणि पैसा मिळाला नाही, बाईही मिळाली नाही. रहस्यपटाचं सगळं रहस्य संपलं! तरी पुढचा दीड तास आपण हलत नाही. कारण प्रश्न बदललेला असतो. खुनी कोण, हे आता विचारायचंच नाही. हा माणूस कीजला तोंडावर हे का सांगू शकला नाही, ते बघायचंय.

याचा फायदा बघा. व्हॉइसओव्हरमध्ये तो जे जे बोलतो त्याला एक कान मिळतो. "कीज, तू बरोबर होतास," असं तो म्हणतो तेव्हा ते निवेदन राहत नाही, संवाद होतो. समोरचा माणूस फक्त त्या खोलीत नसतो.

या पटकथेच्या जन्माची गोष्टही तुमच्या कामाची आहे. वाइल्डरला सहलेखक म्हणून मिळाला रेमंड चँडलर. वय ५५, याआधी एकही पटकथा लिहिलेली नाही. दोघांचं अजिबात पटलं नाही, चँडलरने तर स्टुडिओकडे तक्रारींची यादीच दिली. पण कामात तो एके ठिकाणी शंभर टक्के बरोबर निघाला. वाइल्डरला केनचे संवाद जसेच्या तसे हवे होते, आणि का नकोत? पुस्तकात ते खटाखट वाचले जातात. चँडलर म्हणाला, ते डोळ्यांसाठी लिहिलेत, कानांसाठी नाहीत. वाइल्डरने स्टुडिओतले नट बोलावून पुस्तकातला प्रसंग मोठ्याने वाचून घेतला. वाचन फिकं पडलं. मग संवाद नव्याने लिहिले गेले. तुम्ही हे उद्या करू शकता. कादंबरीतलं एखादं पान दोन मित्रांना वाचायला सांगा, नट नसले तरी चालेल. कुठे जीभ अडखळते आणि कुठे सगळे उगाच गंभीर होतात, ते कळेल. जुन्या मराठी रहस्यकादंबऱ्यांत तर "त्याच्या ओठांवर एक छद्मी हास्य तरळून गेलं" अशी वाक्यं असतात. वाचताना मजा येते, पण नटाने ते हास्य तरळवायचं कसं?

आता व्हॉइसओव्हर केव्हा ठेवायचा ते सांगते. हे मी पुस्तकातून शिकले नाही, फजितीतून शिकले. माझी दुसरी की तिसरीच पटकथा, एका वाहिनीसाठी केलेली टेलिफिल्म. मूळ कथा 'मी'ची. लेखकाची भाषा इतकी सुंदर होती की मी जवळपास प्रत्येक सीनवर तिचा एक तुकडा चढवला. एडिट टेबलवर बसलो तेव्हा संकलकाने काही न बोलता व्हॉइसओव्हरचा ट्रॅक बंद केला आणि सलग वीस मिनिटं दाखवली. काहीही कमी झालं नव्हतं. बाई दार लावून घेत होती आणि वरून मी सांगत होते की तिने दार लावून घेतलं, मनाचंही. तो म्हणाला, "ताई, हे दोनदा आहे." त्या दिवसापासून माझी कसोटी ती. आवाज बंद करून सीन बघायचा. अर्थ तोच राहिला तर व्हॉइसओव्हर काढायचा. अर्थ बदलला तर तो व्हॉइसओव्हर खरा.

'डबल इन्डेम्निटी'त खुनानंतर नेफ, म्हणजे तो विमा एजंट, औषधाच्या दुकानाकडे चालत जातो. चित्र एवढंच, की सगळं योजनेप्रमाणे पार पडलंय आणि एक माणूस रस्त्याने शांतपणे चाललाय. वरून आवाज सांगतो की मला माझीच पावलं ऐकू येत नव्हती, ती मेलेल्या माणसाची चाल होती. चित्र म्हणतं सुटला, आवाज म्हणतो संपला. दोघांचं पटत नाही, म्हणून दोघांचीही गरज आहे. तुमच्या ३१ पैकी अशा जागा किती आहेत ते मोजा. माझा अंदाज, चार-पाच.

चँडलरच्या स्वतःच्या कादंबऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. त्याचा 'मी', म्हणजे खासगी गुप्तहेर फिलिप मार्लो, गुन्हेगार नाही. तो बाहेरचा माणूस आहे, दार वाजवून श्रीमंतांच्या घरात शिरतो आणि जे दिसतं त्यावर मनातल्या मनात खवचट शेरे मारतो. कादंबरीची सगळी चव त्या शेऱ्यांत आहे, कथानकात नाही. 'द बिग स्लीप'चं (१९३९) कथानक तर इतकं गुंतागुंतीचं, की सिनेमा करताना गाडीसकट पाण्यात सापडलेल्या ड्रायव्हरला मारलं कोणी, हे लिहिणाऱ्यांनाच कळेना. तारेने चँडलरला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं, हे त्याने स्वतःच पुढे एका पत्रात लिहून ठेवलंय. सिनेमा १९४६ साली आला, तुफान चालला आणि ड्रायव्हरसाठी कोणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. तुमच्या पत्रात तुम्ही कथानकातल्या तीन भोकांची काळजी केलीय. त्यातलं एक बुजवा, दोन राहू द्या.

मग मार्लोचे शेरे गेले कुठे? दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने 'बिग स्लीप'मध्ये व्हॉइसओव्हर ठेवलाच नाही. विल्यम फॉकनर, ली ब्रॅकेट आणि ज्यूल्स फर्थमन यांनी लिहिलेल्या पटकथेत ते शेरे समोरच्याच्या तोंडावर मारले जातात. समोर नायिका लॉरेन बकॉल असते आणि ती प्रत्येक शेरा परत टोलवते. मनातली खवचटपणाची वाफ होती, तिची जुगलबंदी झाली. त्याआधी १९४४ साली चँडलरच्याच 'फेअरवेल, माय लव्हली'वर 'मर्डर, माय स्वीट' हा सिनेमा आला. त्यात व्हॉइसओव्हर आहे, पण त्यांनी कान शोधला. डोळ्यांवर पट्टी बांधलेला मार्लो पोलिसांच्या दिव्याखाली बसलाय आणि ते त्याला विचारताहेत. कादंबरीत हे नाही, सिनेमावाल्यांनी रचलं. डोळे बांधलेला माणूस आपल्याला सगळं 'दाखवतोय', ही त्यातली आणखी एक गंमत. (नाव का बदललं? नायक डिक पॉवेल तोवर गाण्यांच्या सिनेमांतला गोडगोड हिरो होता. मूळ नाव ऐकून लोकांना हाही संगीतपट वाटला!)

आणि एक उदाहरण हमखास फसलेलं. रॉबर्ट माँटगमरीने 'लेडी इन द लेक' करताना ठरवलं, की कादंबरी 'मी'ची आहे ना, मग कॅमेराच 'मी'. मार्लोला जे दिसतं तेच आपल्याला दिसणार. माँटगमरी स्वतः मार्लो, पण तो दिसतो फक्त आरशात आणि अधूनमधून टेबलापलीकडून प्रेक्षकांशी बोलताना. बाई चुंबन घ्यायला येते ती लेन्सकडे. ऐकायला भन्नाट, बघायला दहा मिनिटांत कंटाळा. मी कार्यशाळेत हा सिनेमा नेहमी दाखवते आणि तरी दर वर्षी कोणीतरी "पीओव्हीमध्ये (म्हणजे पात्राच्याच नजरेतून) करू या का?" म्हणून येतोच. वाचक 'मी' होऊ शकतो, कारण पानावर चेहरा नसतोच, तो आपलाच चेहरा तिथे बसवतो. प्रेक्षकाला चेहरा बघायचा असतो. मार खाताना कसा दिसतो, खोटं बोलताना पापणी हलते का, ते त्याला हवं असतं. तुम्ही तिसऱ्या सीनमध्ये हाच प्रयोग योजलाय, म्हणून सांगितलं. काढून टाका.

पान आणि पडदा यांतला फरक सगळ्यात नेमका कॉर्नेल वुलरिच या आणखी एका अमेरिकन रहस्यकथाकाराच्या कथेत दिसतो. आईबरोबर न्यूयॉर्कच्या हॉटेलांत वर्षानुवर्षं राहिलेला, एकटा, भित्रट माणूस. भीती मात्र त्याच्यासारखी कोणी लिहिली नाही. त्याची १९४२ सालची एक कथा आहे, खिडकीतून समोरच्या घरांकडे बघत बसलेल्या माणसाची. तो जागचा का हलत नाही, हे तो आपल्याला नीट सांगतच नाही. शेवटी डॉक्टर येऊन म्हणतो, चला, आता प्लास्टर काढू या. पायाला प्लास्टर! पानावर हे लपवता आलं. हिचकॉकने १९५४ साली तिचा 'रिअर विंडो' केला तेव्हा हे लपवायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं, कॅमेऱ्याला पाय दिसणारच. म्हणून त्याने उलटं केलं. पहिल्याच मिनिटात, एकाही शब्दाशिवाय, प्लास्टर घातलेला पाय, फुटलेला कॅमेरा, शर्यतीच्या मोटारीच्या अपघाताचा फोटो. दुसरंही एक केलं. कथेतला माणूस जवळपास एकटाच विचार करतो, दिवसा येणारा एक घरगडी काय तो सोबतीला. सिनेमात त्याला बोलायला दोन माणसं दिली, प्रेयसी आणि नर्स. मनातला संशय बोलून दाखवायला कान हवेत, म्हणून.

तुमच्या कादंबरीत निवेदकच खुनी आहे, हे लेखकाने १४० व्या पानापर्यंत लपवलंय असं तुम्ही लिहिलंत. पानावर ते जमलं, कारण निवेदकाने ती रात्र सांगताना मधला एक तास गाळला. पडद्यावर तास गाळलात तर प्रेक्षक लगेच हुशार होतो. त्यामुळे दोनच वाटा. वाइल्डरसारखं सुरुवातीलाच सांगून टाका, किंवा तो ज्याला सांगतोय त्याच्याशीच खोटं बोलतोय असं करा. दुसरी वाट 'मिल्ड्रेड पिअर्स'मध्ये (१९४५) आहे. केनच्या त्या कादंबरीत खूनच नाही. ती एका आईची आणि तिच्या मुलीची गोष्ट आहे. स्टुडिओने खून घातला आणि सगळी कथा पोलीस कचेरीत आईच्या तोंडून फ्लॅशबॅकमध्ये सांगितली. ऐकणारा पोलीस अधिकारी, सांगणारी आई, आणि ती कोणाला तरी वाचवतेय. मला तो खून अजूनही उपरा वाटतो. केनच्या पुस्तकातली आई खुनाशिवायच जास्त भयंकर आहे. पण रचना म्हणून बघाल तर 'मी'ला खोटं बोलायचं कारण दिलं, हे महत्त्वाचं.

तिसरी वाट आहे, पण ती कादंबरीपासून फार दूर नेते. डोरोथी ह्यूजच्या 'इन अ लोनली प्लेस' या कादंबरीत (१९४७) आपण खुन्याच्याच खांद्यावर बसून शहरभर फिरतो. १९५० च्या सिनेमात तो माणूस रागीट आहे पण खुनी नाही, आणि गोष्ट हळूहळू त्याच्या शेजारणीच्या नजरेत सरकते. आपण ज्याच्याबरोबर झोपतो तो खुनी असेल का, ही तिची भीती. दोन्ही कलाकृती श्रेष्ठ आहेत आणि दोन्ही वेगळ्या आहेत. तुमच्या कादंबरीतली निवेदकाची बायको मला पत्रातल्या दोन ओळींवरून फार महत्त्वाची वाटली, म्हणून हे नोंदवून ठेवते. वारसांना विचारल्याशिवाय मात्र तिकडे जाऊ नका.

निर्मात्याच्या 'नॉयर'बद्दल थोडंच. त्याला अंधार, पाऊस, पंख्याची सावली, सिगारेटचा धूर हवा असणार. ज्यांनी हे सिनेमे केले, त्यांच्यापैकी कोणीही तेव्हा "आपण नॉयर करतोय" असं म्हणत नव्हतं. महायुद्ध संपल्यावर हे सिनेमे एकदम पॅरिसला पोचले आणि १९४६ साली निनो फ्रँक या समीक्षकाने हा शब्द वापरला. फ्रान्समध्ये त्याच्या आदल्याच वर्षी 'सेरी न्वार' ही काळ्या मुखपृष्ठांची रहस्यमाला सुरू झाली होती. तिच्या पहिल्या लेखकांत जेम्स हॅडली चेस होता, आपल्या रेल्वे स्टेशनांवरच्या स्टॉलवर ढिगाने मिळायचा तोच. म्हणजे पडद्याआधी हा काळेपणा कागदावर होता. अंधाराला साधी कारणंही होती. जर्मनी-ऑस्ट्रियातून आलेले दिग्दर्शक आणि कॅमेरामन अंधार वापरायला तिथूनच शिकून आले होते. शिवाय युद्धकाळात एका सिनेमाच्या सेटसाठी नव्या सामानावर ५,००० डॉलरची मर्यादा होती. भिंत नाही? मग तिथे सावली पाडा. तुमच्या गावात लोडशेडिंग आहे, शेवटची एसटी गेल्यावरचा स्टँड आहे, पतसंस्थेचं अर्धं ओढलेलं शटर आहे. लॉस एंजेलिसच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यांची गरज नाही.

आता काम कसं करायचं. कादंबरीची झेरॉक्स काढा आणि दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. निवेदकाचं जे वाक्य फक्त माहिती देतं, ते निळं. थकबाकी किती, जामीनदार कोण, पूल कुठे, ते सगळं. निळं सगळं चित्रात किंवा दुसऱ्या कोणाच्या तोंडी जातं. कर्जाच्या फाईलवरची जामीनदाराची सही दिसली की अर्धं पान वाचतं. जे वाक्य त्याचा स्वभाव सांगतं, म्हणजे शेरे, चीड, लोचटपणा, ते लाल. लाल जुगलबंदीत जाईल, कोणाशी ते ठरवा. रंग न लागलेली जी वाक्यं उरतात, ज्यांत तो काहीतरी टाळतोय किंवा स्वतःलाच फसवतोय, तेवढाच तुमचा व्हॉइसओव्हर. मला साधारण दोनशे पानांमागे चार-सहा पानं एवढाच ऐवज मिळतो.

आणि कान. तुम्हाला डिक्टाफोनच्या जागी व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट्स सुचतील, मलाही पहिल्यांदा त्याच सुचल्या. वाईट नाही. पाठवलेली नोट पुसली तरी 'डिलीट केलं' असं तिथे राहतं, त्यातून काहीतरी करता येईल. पण यंत्राआधी माणूस ठरवा. वाइल्डरच्या सिनेमात डिक्टाफोन कोणाला आठवतो? आठवतो कीज. तो सिनेमाभर सिगार तोंडात धरून खिसे चाचपतो, त्याच्याकडे काडेपेटी कधीच नसते, आणि प्रत्येक वेळी नेफ अंगठ्याच्या नखाने काडी पेटवून पुढे करतो. शेवटी नेफ दाराशी कोसळलेला असतो, त्याला सिगारेट पेटवता येत नाही आणि काडी कीज पेटवतो. वाइल्डरने यानंतर गॅस चेंबरमधल्या शिक्षेचा मोठा प्रसंग सेट बांधून चित्रित केला होता. नंतर तो काढून टाकला. गुन्हेगाराला शिक्षा दाखवलीच पाहिजे अशी सेन्सॉरची सक्ती असलेला तो काळ, तरीही काढला. सांगणाऱ्याचं ऐकून झालं होतं.

तुमच्या कादंबरीत पतसंस्थेचे एक म्हातारे व्यवस्थापक आहेत, तीनच प्रकरणांत येतात, आणि लेखकाने त्यांना फक्त "साहेब" म्हटलंय. मला वाटतं तुमचा कान तोच आहे. त्यांना पहिल्या सीनमध्ये आणा. काडेपेटी देऊ नका, ती वाइल्डरची. तुमच्या साहेबांच्या खिशात तंबाखू असेल आणि चुन्याची डबी रोज घरी विसरत असतील.